ताईंच्या बालवाडीतून बाईंच्या पहिलीत

जून महिना, पहिलीचा चौथा दिवस. छोट्या सुट्टीत सगळी पोरं व्हरांड्यात भिंतीला टेकून डबे उघडून बसली होती. एक मुलगा मात्र डबा मांडीवर घेऊन नुसता दुसऱ्यांकडं बघत होता. भूक नसेल असं मला वाटलं. घंटा व्हायला पाच मिनिटं उरली तेव्हा जवळ जाऊन विचारलं, तर मान खाली. डबा हातात घेतला आणि कळलं. स्टीलचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं की मलाही ते फरशीवर ठोकून सैल करावं लागलं. आत चटणी लावलेल्या चपातीची गुंडाळी होती, कडा वाळलेल्या. तीन दिवस डबा तसाच घरी जात होता आणि घरी "शाळेत खात नाहीस, हट्टी झालायस" म्हणून पोराला बोलणी बसत होती.

त्याला शंभरपर्यंत अंक तोंडपाठ होते. इंग्रजी मुळाक्षरं घडाघडा म्हणायचा. "बाई, एवढं उघडून द्या" हे चार शब्द तेवढे त्याला येत नव्हते.

सातारा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये मी कितीतरी वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय. ज्यांचं पहिलंच मूल आता पहिलीत जाणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. दर मार्चमध्ये आया मला एकच विचारतात, "बाई, अजून काय काय शिकवून ठेवू?" अक्षरं आणि आकडे आमच्यावर सोडा, ते आमचं कामच आहे. मुलाला स्वतःचं स्वतः करता यायला हवं, आणि जे जमत नाही ते परक्या मोठ्या माणसाला तोंडानं सांगता यायला हवं. एवढं घेऊन आलेलं मूल वर्गात लवकर रुळतं, आणि रुळलेल्या मुलाला वाचायला शिकवणं मला कधी जड गेलेलं नाही.

आधी हे बघा की मुलासाठी नेमकं काय बदलतं

अंगणवाडीत, बालवाडीत ताई असते. ताई म्हणजे घरातलंच कुणीतरी. ती मांडीवर घेते, नाक पुसते, मदतनीस मावशी हात धुवून देतात, झोप आली तर सतरंजीवर आडवं होता येतं. पहिलीत बाई किंवा गुरुजी असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं तीस मुलांमागं एक शिक्षक, आणि वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळेत तर एकाच शिक्षकाकडं दोन-दोन वर्ग. घंटा असते, रांग असते, परिपाठ असतो. मैदानावर चौथीची आणि काही शाळांत सातवीची दांडगी पोरं धावत असतात. संडास वर्गापासून लांब असतो. हे सगळं एकाच सकाळी बदलतं, आणि ते बदलताना मूल कसंबसं सहा वर्षांचं असतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हे वय एकच पायाभूत टप्पा मानलंय. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी त्यात एकत्र येतात. म्हणजे पहिली हे या टप्प्यातलं चौथं वर्ष आहे, दहावीच्या तयारीचं पहिलं वर्ष नव्हे. घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनीसुद्धा, हे एकदा मनात पक्कं करावं. निम्मं ओझं तिथंच उतरतं.

पायरी पहिली: वय नीट मोजा (जानेवारी-फेब्रुवारी)

आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. याचा अर्थ कागद बाजूला ठेवून समजून घ्या. जून २०२६ मध्ये शाळा सुरू होताना एकाच बाकावर जानेवारी २०२० मधलं मूल बसेल आणि डिसेंबर २०२० मधलंही. एक साडेसहाच्या जवळ आलेलं, दुसरं जेमतेम साडेपाचचं. मोठ्या माणसांत एका वर्षानं काही अडत नाही. या वयात ते वर्ष म्हणजे मुलाच्या सगळ्या आयुष्याचा सहावा हिस्सा आहे.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल असेल तर नियमात बसतं म्हणून घाई करू नका. ते पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसून गोष्ट ऐकतं का, दोन कामं एकदम सांगितली तर लक्षात ठेवतं का, अनोळखी माणसाशी बोलतं का, हे बालवाडीच्या ताईंना विचारा. त्यांनी मुलाला रोज पाहिलेलं असतं. त्या "अजून कच्चा आहे" म्हणाल्या तर आणखी एक वर्ष मोठ्या गटात राहू द्या. "वर्ष वाया जाईल" असं शेजारीपाजारी म्हणतील. मी आजवर असं थांबलेलं एकही मूल मागं पडलेलं पाहिलं नाही. घाईनं ढकललेली, आणि मग तिसरी-चौथीपर्यंत "आपल्याला जमत नाही" असं स्वतःबद्दलच धरून बसलेली मात्र बरीच पाहिली.

पायरी दुसरी: कागद, आणि त्यातलं नाव

लागतं फार थोडं. जन्मदाखला, आधार कार्ड, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. जन्मदाखला नसेल तरी वयाचा पुरावा नाही म्हणून कोणतीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरातली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तीही नसेल तर पालकांचं प्रतिज्ञापत्र चालतं. बालवाडीत गेलेलंच नाही म्हणूनही काही अडत नाही. खासगी शाळेत पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल तर तो ऑनलाइन असतो आणि नंबर सोडतीनं लागतो, तेव्हा फेब्रुवारीच्याही आधीपासून बातम्यांवर लक्ष ठेवा.

एखादी शाळा प्रवेशाआधी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घ्यायला लागली तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणं अशी चाळणी लावायला बंदी आहे आणि पहिल्या वेळेला पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आता नाव. जनरल रजिस्टरात जे नाव लागतं तेच पुढं दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि नोकरीच्या फॉर्मवर चालत राहतं. आडनावातला एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी वीस वर्षांनी पोराला हेलपाटे पडतात. तेव्हा प्रवेशाच्या दिवशी दोघांपैकी एकानं रजिस्टरातली ओळ स्वतः वाचावी. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. साताऱ्यात तर रजिस्टरातल्या एका ओळीची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या शाळेत १९१४ क्रमांकाला 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लागलं. ते रजिस्टर आज प्रतापसिंह हायस्कूलनं जपून ठेवलंय आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

नावाची दुसरी बाजू मुलाकडची आहे. घरी सोन्या, पिंट्या, छकुली, दिदी. शाळेत हजेरीला बाई पूर्ण नाव पुकारतात आणि मूल इकडंतिकडं बघत राहतं, कारण ते नाव आपलं आहे हे त्याला माहीतच नसतं. दर वर्षी माझ्या वर्गात अशी दोन-तीन तरी असतात. सगळ्यांसमोर पाचदा नाव घेऊन "अरे तूच ना तो?" म्हटलं की पोर रडवेलं होतं. मार्चपासून दिवसातून एकदा घरात हजेरीचा खेळ खेळा. आजोबांचं पूर्ण नाव, आईचं पूर्ण नाव, मग मुलाचं. ज्याचं नाव त्यानं हात वर करून "हजर" म्हणायचं. पोरांना हा खेळ फार आवडतो.

पायरी तिसरी: शाळा आधी पायाखालून घाला (मार्च-एप्रिल)

पुष्कळ गावांत अंगणवाडी शाळेच्याच आवारात भरते, तरी भिंतीपलीकडचा वर्ग मुलांनी आतून पाहिलेला नसतो. हे वाचणाऱ्या अंगणवाडी ताईंना माझी हात जोडून विनंती आहे, मोठ्या गटातल्या मुलांना मार्चमध्ये एकदा तासभर पहिलीत आणून बसवा. शाळेच्या नळाचं पाणी पिऊ द्या, संडास कुठं आहे ते दाखवा, घंटा वाजवू द्या. ज्या पोरानं एकदा स्वतःच्या हातानं घंटा वाजवली, ते तिच्या आवाजानं दचकत नाही.

जिल्हा परिषद शाळांत शाळापूर्व तयारी मेळावा होतो, एप्रिलच्या सुमाराला एक आणि शाळा उघडताना दुसरा. २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावानं हे अभियान सुरू झालं. मेळाव्यात सात टेबलं मांडलेली असतात. नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांसाठी मार्गदर्शन. मूल एकेका टेबलावर दोरीउड्या मारतं, चित्र बघून गोष्ट सांगतं, वस्तू लहान-मोठ्या लावतं, आणि विकासपत्रावर खूण होते. ती परीक्षा नाही. तिथं आईबापांनी मुलाच्या कानात उत्तर सांगू नये, मूल गप्प राहिलं तर राहू द्यावं. मे महिन्यात कशावर लक्ष द्यायचं ते त्या पत्रावरून कळतं. मग वस्तीवरच्या आयांचा माता गट करून देतात आणि घरी करायच्या कृती सांगतात. गटात जरूर जा. दोन आयांनी एकमेकींना "माझं पण असंच करतंय" म्हटलं की जीव हलका होतो.

शहरात खासगी बालवाडीतून शाळेत जाणाऱ्यांना असा मेळावा मिळेलच असं नाही. मग निदान सुट्टीत संध्याकाळी मुलाला घेऊन शाळेच्या रस्त्यानं चालत जा, फाटकाशी थांबा, मैदान दाखवा. साताऱ्यात पोवई नाक्यासारखा गर्दीचा चौक ओलांडून किंवा बसनं जायचं असेल तर तो प्रवासही दोन-तीनदा करून बघा.

पायरी चौथी: मे महिन्यातली घरची शाळा

सगळ्यात मोठं काम इथं आहे, आणि त्यासाठी एक पैशाचं साहित्य आणायला नको.

डबा. जो डबा जूनमध्ये द्यायचा तोच आत्ता आणा आणि मे महिनाभर मुलानं दुपारचं त्यातच खावं. स्वतः उघडायचा, खायचा, झाकण लावायचा, नळाखाली विसळायचा. बाटलीचंही तसंच. सहा वर्षांच्या पोरामागं घास घेऊन फिरणाऱ्या आया मी रोज पाहते. त्यांची माया मला कळते, पण शाळेत त्याच्यामागं कुणी फिरणार नाही. मोठ्या सुट्टीत शाळेत पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं त्याचं माप ठरलेलं आहे. अन्न चांगलं असतं. पण ताट हातात धरून रांगेत उभं राहणं, सांडू न देता जागेवर येणं आणि वीस-पंचवीस मिनिटांत आपल्या हातानं जेवणं ही सवय घरातून यावी लागते.

शी-शू. याबद्दल कुणी उघड बोलत नाही आणि पहिल्या महिन्यातली निम्मी रडारड याचीच असते. गणवेशाच्या चड्डीचं बटण आणि चेन मुलाला एकट्याला काढता-लावता येते का ते बघा. येत नसेल तर इलॅस्टिकची चड्डी शिवून घ्या. बसायचं संडास वेगळं, कमोड वेगळा. घरी कमोड असेल तर दुसरीकडं नेऊन सवय करा. धुणं, पाणी ओतणं, हात साबणानं धुणं स्वतःचं स्वतः. आणि शब्द. घरी मूल 'शू' म्हणतं, शाळेत पोरं करंगळी वर करून "बाई, एकीला जाऊ?" विचारतात. नवं पोर तो शब्द ऐकून गोंधळतं, आणि विचारायची लाज वाटून बाकावरच ओलं होतं. मग दुसऱ्या दिवशी शाळा नको. हा एवढा एक शब्द मेमध्ये शिकवा, आणि "विचारलं की बाई नाही म्हणत नाहीत" हेही सांगा.

बोटं. पेन्सिल लवकर हातात दिली म्हणून अक्षर चांगलं येत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी मनगटातली छोटी हाडं पुरती घडलेलीही नसतात. त्याऐवजी बोटांना काम द्या. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, कणकेचा गोळा मळणं, छोटे रुमाल पिळून वाळत घालणं, चिमटे लावणं, मोगऱ्याच्या कळ्या ओवणं, ठिपक्यांची रांगोळी. शेंगा फोडताना अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची जी चिमूट होते, तीच पेन्सिल धरायची चिमूट. पोत्याजवळ बसून आजीबरोबर पाव किलो शेंगा फोडणारी पोरगी माझ्या वर्गात पेन्सिल पहिल्याच दिवशी नीट धरते. चार-चार पानं 'अ' गिरवून आलेल्या मुलाची पकड मात्र मुठीची असते आणि ती सोडवायला मला महिने लागतात.

मोजणं. शंभरपर्यंत पाठ म्हणणं आणि मोजणं यात फार अंतर आहे. समोर सात चिंचोके ठेवून "किती?" विचारा. पाठांतरवालं मूल बोट एकाकडून दुसऱ्याकडं न्यायच्या आत दहापर्यंत पोचलेलं असतं. एक चिंचोका, एक आकडा, ही जोडी बसली पाहिजे. दहापर्यंत बसली तरी पहिलीला पुष्कळ. घरात पाच माणसं, ताटं किती लागतील? दादाला एक भाकरी, बाबांना दोन, मिळून किती? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला हेच केलं. बिया, खडे, पानं, शिंपले घेऊन त्यांनी अंगणात बालशिक्षण मांडलं. ऐंशी वर्षं होऊन गेली, पण चिंचोक्याहून चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही.

बोलणं. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सकाळी एक मुलगी धावत माझ्या टेबलाशी आली. "बाई, आमची म्हस व्याली! रेडी झालीया!" मी म्हटलं, "म्हस नाही बाळा, म्हैस म्हण." तिनं "म्हैस" म्हटलं आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या घरातली त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी होती ती. रेडीचा रंग, तिला उभं राहता येतं का, रात्री कोण गोठ्यात जागलं, हे सगळं तिला सांगायचं होतं आणि मी शब्द दुरुस्त केला. त्यानंतर दिवाळीपर्यंत ती माझ्याशी आपणहून काही बोलली नाही. आता मी विचारते, "अगं वा! कसली आहे रेडी? म्हैस बरी आहे ना?" माझा शब्द तिच्या कानावर पडतो, तिचा तिच्यापाशी राहतो. सातवीपर्यंत पोचता पोचता पोरं दोन्ही बोलायला लागतात.

तुम्हीही घरी हेच करा. "न्हाई, व्हय, कराय लागलंय" ही मुलाची पहिली भाषा आहे, ती तोडू नका. जत तालुक्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. अशा मुलांना मराठीतली रोजची आठ-दहा वाक्यं आधी यायला हवीत. पाणी हवंय, पोटात दुखतंय, हे माझं आहे, त्यानं ढकललं, मला कळलं नाही. बाकी मराठी मैदानावर येते. रोज रात्री एक गोष्ट सांगा, आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाकडून ऐका. ते मधले भाग गाळेल, शेवट आधी सांगेल. मधे टोकू नका.

आणि एक वाक्य घरातून हद्दपार करा: "थांब, शाळेत गेलास की बाई बघतील तुझ्याकडं." दोन वर्षं हे ऐकलेलं मूल पहिल्या दिवशी माझ्या तोंडाकडं बघतच नाही, हाताकडं बघतं, पट्टी आहे का म्हणून. शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहे. मुलाला तसं सरळ सांगा.

झोपेचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ च्या सरकारी आदेशानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सर्वसाधारणपणे नऊच्या आधी भरत नाहीत. तरी मे महिनाभर अकराला झोपून नऊला उठणाऱ्या मुलाला पंधरा दिवस आधी वळण लावा. लग्नसराई, गावची यात्रा, मामाचं गाव हे सगळं व्हावंच. पण शाळा उघडायच्या आदल्या रात्री दहाला एसटीतून उतरू नका. चार-पाच दिवस आधी घरी या.

पायरी पाचवी: पहिला दिवस

साधारण जूनच्या मध्याला शाळा उघडते. प्रवेशोत्सव असतो. फुगे, औक्षण, पुस्तकं, कुठं बैलगाडीतून मिरवणूक. कुणी कंदी पेढे वाटतं. गोंधळ पुष्कळ असतो, तेव्हा गर्दीला घाबरणारं मूल असेल तर थोडं लवकर या आणि वर्ग रिकामा असतानाच त्याला जागा दाखवा.

बाईंना भाषण नको, एक चिठ्ठी द्या. मुलाला घरी काय म्हणतात, कशानं घाबरतं, काय खाल्लेलं चालत नाही, फिट किंवा दम्याचा त्रास आहे का, आणि न्यायला कोण येणार. मी अशा चिठ्ठ्या वर्षभर हजेरीपटात ठेवते.

निरोप घेताना पाठ फिरवून पळू नका. मुलाचं लक्ष नाही बघून गुपचूप निघून जाणं सोपं वाटतं, पण मग ते मूल पुढचे आठ दिवस दाराकडं बघत बसतं. समोर उभं राहून सांगा, "मी जातेय. परिपाठ होईल, मग छोटी सुट्टी, मग जेवण, मग शेवटची घंटा. घंटा झाली की मी त्या झाडाखाली असेन." मुलाला बारा-पाच कळत नाहीत, हा क्रम कळतो. आणि घंटेला त्याच झाडाखाली असाच. पाच मिनिटांचा उशीरसुद्धा पहिल्या आठवड्यात नको.

पाऊस लक्षात घ्या. जावळी-पाटण भागात, आणि सातारा शहरातही, जून संपता संपता झड लागते. रेनकोट पोराला स्वतः घालता-काढता येईल असा घ्या. दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड ठेवा.

पायरी सहावी: दुसरा सोमवार

पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाची मला फार काळजी नसते. बहुतेक जण गाण्याच्या तासापर्यंत शांत होतात. मला काळजी दुसऱ्या सोमवारची. पहिला आठवडा जत्रेसारखा जातो. रविवारी घरी राहिल्यावर मुलाच्या लक्षात येतं की हे रोजचंच आहे. मग सोमवारी सकाळी पोट दुखतं. पहिल्या दिवशी हसत गेलेली मुलगी खांबाला मिठी मारते आणि आई गोंधळून विचारते, "बाई, कुणी काही बोललं का हिला?"

अशा वेळी खरंच कुणी मारलं-चिडवलं का, संडासात भीती वाटते का, हे शांतपणे विचारून घ्या. तसं काही नसेल तर शाळा बुडवू नका. एक दिवस घरी ठेवलं की मंगळवारचं रडणं दुप्पट होतं. घरी आल्यावर चिडचिड, पूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं, अंगठा चोखणं हे पंधरा-वीस दिवस चालू शकतं. दिवसभर सांभाळून वागलेलं मूल घरी मोकळं होतं. त्याला आल्या आल्या प्रश्न विचारू नका. खायला द्या, अर्धा तास अंगणात सोडा. "आज काय शिकवलं?" याला उत्तर "काय नाय" हेच येणार. त्याऐवजी विचारा, "डबा खाताना शेजारी कोण होतं?" शेजारी रोज कुणीच नसेल तर मला येऊन सांगा. मी जागा बदलते.

महिना-दीड महिना उलटूनही मूल शाळेत एक शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, फळ्याजवळ जाऊन बघत असेल, तर "होईल मोठं झाल्यावर" म्हणून थांबू नका. कान-डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्या दिवशी मूल हजर राहील हे बघा. पाच वर्षांनंतरचा डीपीटी लसीचा बूस्टर डोस राहिला असेल तर उपकेंद्रात देऊन घ्या.

पायरी सातवी: दप्तर, गृहपाठ आणि तुमचा हक्क

दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. मूल अठरा किलोचं असेल तर दप्तर पावणेदोन किलोच्या आसपास. एकदा भरलेलं दप्तर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा, बाटली आणि डब्यासकट. २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असंही म्हटलंय. पहिलीच्या मुलाला रात्री नऊ वाजता पानं भरायला बसवावं लागत असेल तर शिक्षकांशी बोला, आणि शिकवणी लावायचा विचार तर डोक्यातूनच काढा. बोलायला जागा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जुलै-ऑगस्टच्या पालकसभेला जा. तिथं संडासाला कडी नाही, नळाची तोटी लहान मुलांच्या हाताला येत नाही, असले विषय काढा. पहिलीच्या पालकांनीच ते काढायचे असतात, बाकीच्यांची पोरं उंच झालेली असतात.

पायरी आठवी: दिवाळीनंतर पुन्हा एकदा

पहिलं सत्र संपतं तोवर मूल रुळलेलं असतं, आणि मग दिवाळीची सुट्टी लागते. शाळा पुन्हा सुरू होते तेव्हा जूनसारखंच रडू परत येतं. त्यात नवल नाही आणि मूल मागं गेलं असंही नाही. या वेळी ते दोन-तीन दिवसांत थांबतं.

ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला याच सुमाराला गाव सोडावं लागणार असेल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत मुलाला वर्गात बसता येतं. शक्य असेल तर मूल आजीपाशी गावातच ठेवा. पहिलीचं दुसरं सत्र वाचन पक्कं व्हायचं असतं.

बाकीच्यांनी सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी डबा आणि बाटली मुलालाच घासू द्यावी, दप्तर त्यालाच भरू द्यावं. झाकण एकदा लावून उघडून बघायला सांगा.